धावपट्टीवरील अनाहूत प्रवेश : जमिनीवरील विमान-सुरक्षेचा इतिहास आणि महाराष्ट्रातील विमानतळ

प्रस्तावना

विमान अपघात म्हटला की आकाशातून कोसळणारे विमान सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात दोन विमानांच्या टकरीत सर्वाधिक मनुष्यहानी झालेला अपघात आकाशात घडलेला नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरिफ येथील लॉस रोदेओस विमानतळावर दोन बोइंग ७४७ विमाने एकाच धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. आकाशातील टकरींपैकी सर्वांत भीषण टक्कर आपल्याच देशात, हरियाणातील चरखी दादरी येथे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी झाली. तिच्यातील मृतांची संख्या ३४९ होती. या दोन आकड्यांची तुलना केली असता विमानाचा जमिनीवरील प्रवास आपण समजतो तितका निरुपद्रवी नाही, हे ध्यानात येते.

वाहनतळापासून धावपट्टीच्या टोकापर्यंत आणि उतरल्यानंतर धावपट्टीपासून वाहनतळापर्यंत विमान आपल्या चाकांवर जो प्रवास करते, त्यास ‘टॅक्सी करणे’ अशी संज्ञा आहे. या प्रवासात एखादे विमान, वाहन वा व्यक्ती उड्डाण व अवतरणासाठी राखलेल्या संरक्षित क्षेत्रात चुकीने उपस्थित असणे, या घटनेस इंग्रजीत ‘रनवे इन्कर्जन’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या २००४ मध्ये स्वीकारली. तेनेरिफनंतर तब्बल सत्तावीस वर्षांनी! तोपर्यंत प्रत्येक देश अशा घटना आपापल्या पद्धतीने मोजत असे. साहजिकच एका देशाच्या आकड्यांची दुसऱ्या देशाच्या आकड्यांशी तुलना करणे दुरापास्त होते.

मराठीत या संज्ञेसाठी ‘अतिक्रमण’ हा शब्द सहज सुचतो. तथापि आपल्याकडे अतिक्रमण म्हटले की पदपथावरील टपऱ्या आणि महापालिकेचे पथक आठवते. त्या शब्दात हेतू गृहीत धरलेला असतो. धावपट्टीवर चुकून आलेल्या वैमानिकाचा असा काही हेतू नसतो. आपण योग्य ठिकाणी आहोत, अशीच त्याची प्रामाणिक समजूत असते आणि हीच या प्रश्नातील खरी अडचण होय. म्हणून प्रस्तुत लेखात ‘अनाहूत प्रवेश’ हा शब्द योजला आहे. या घटनांचा इतिहास केवळ ‘वैमानिकाची चूक’ या शीर्षाखाली मांडणे अपुरे आहे. विमानतळाची जमीन कोणी, कधी व कशासाठी आखली आणि त्या जमिनीवर कोणती भाषा बोलली गेली, या दोन अंगांनी तो पाहिला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जुहू आणि सांताक्रूझ

मुंबईतील नागरी विमान वाहतुकीचा प्रारंभ जुहू येथे झाला. तेथील विमानतळ १९२८ मध्ये अस्तित्वात आला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे येथेच उतरले. जुहूची जमीन सखल होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि टाटांची विमानसेवा त्या दिवसांत पुण्याहून चालवावी लागे. पुढे जवळच सांताक्रूझ येथे ब्रिटिश हवाई दलाचा मोठा विमानतळ उभा राहिला आणि महायुद्धानंतर मुंबईची नागरी वाहतूक टप्प्याटप्प्याने तेथे आली. म्हणजे आज ज्यास छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतात, त्याच्या भूमीची पहिली आखणी नागरी प्रवाशांसाठी झालेली नव्हती.

दोन विमानतळ इतके निकट असण्याचे परिणाम लवकरच दिसून आले. १९५३ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. त्यातून पुरेसा बोध घेतला गेला नसावा, कारण २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान मुंबईस येताना पुन्हा जुहूलाच उतरले, धावपट्टी संपल्यावर पुढे गेले आणि निकामी झाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. या दोन घटना टॅक्सी करतानाच्या नाहीत. तथापि त्यांचे मूळ त्याच जातीचे आहे. अनुभवी वैमानिकाने समोर धावपट्टी पाहिली, ती आपलीच असे मानले, आणि तसे मानल्यानंतर विरुद्ध पुरावा त्याच्या नजरेस पडला नाही.

सांताक्रूझच्या धावपट्ट्यांची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. (धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेचे अंश दहाने भागून आलेली संख्या; ०९ म्हणजे पूर्व, २७ म्हणजे पश्चिम.) जुन्या काळची हलकी विमाने आडव्या वाऱ्यास फार संवेदनशील होती, म्हणून वेगवेगळ्या दिशांच्या, परस्परांना छेदणाऱ्या धावपट्ट्या बांधण्याची पद्धत जगभर रूढ झाली. विमाने अवजड झाली, आडव्या वाऱ्याची अडचण कमी झाली, पण सिमेंट-डांबरात आखलेला छेद तसाच राहिला. आजही टर्मिनल १ वरून निघालेल्या विमानास २७ क्रमांकाच्या धावपट्टीचे पूर्वेकडील टोक गाठायचे तर १४/३२ ओलांडावी लागते. कलिना बाजूच्या हँगरकडे न्यावयाची विमाने मुख्य धावपट्टी ओलांडतात. प्रत्येक ओलांडणी म्हणजे अनाहूत प्रवेशाची एक शक्यता. डिसेंबर २०१८ मध्ये या विमानतळाने एकाच दिवसात १,००७ उड्डाणे व अवतरणे हाताळली आणि त्या विक्रमाचे सर्वत्र कौतुक झाले. ते योग्यही होते. मात्र त्यामागे नियंत्रकांच्या व वैमानिकांच्या वाट्याला येणारा दोन वाक्यांमधला अवकाश किती आक्रसला असेल, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

९ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईत एअर इंडियाचे दिल्लीला निघालेले विमान २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर वेग घेत असताना तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातील एक हेलिकॉप्टर समोर आले. वैमानिकाने उड्डाण रद्द करून विमान थांबवले आणि अनर्थ टळला. ८ जून २०२४ रोजी तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान त्याच धावपट्टीवरून उड्डाण करीत असतानाच इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान मागे उतरले. दोन्ही विमानांना परवानगी मिळालेली होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकास कामावरून दूर ठेवण्यात आले. या दोन्ही प्रसंगी चालकदलाने आपल्याला मिळालेल्या सूचनेचेच पालन केले होते, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

तेनेरिफ आणि शब्दांची शिस्त

तेनेरिफचा अपघात वारंवार सांगितला जातो. पण तो बहुधा दाट धुक्याची व एका उतावळ्या कप्तानाची कथा म्हणून. त्याकडे अधिक बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. त्या दिवशी ग्रॅन कॅनेरिया बेटावरील विमानतळावर बाँबस्फोट झाल्याने अनेक मोठी विमाने लॉस रोदेओसकडे वळवण्यात आली. हा विमानतळ लहान. समांतर टॅक्सी-मार्ग उभ्या केलेल्या विमानांनी अडलेला. परिणामी उड्डाणासाठी जाणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत जावे लागले. धुके उतरले. नियंत्रण मनोऱ्यास विमाने दिसेनात, विमानांना एकमेकांचा ठाव लागेना; जमिनीवरील रडार तेथे नव्हतेच. पॅन अ‍ॅमच्या विमानास तिसऱ्या फाट्याने बाहेर पडण्यास सांगितले होते. तो फाटा मागे टाकून ते पुढच्या फाट्याकडे निघाले.

दुसऱ्या टोकाला केएलएमचे विमान वळून उभे होते. त्याचे कप्तान याकोब व्हान झान्टेन हे त्या कंपनीचे अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक. त्यांच्या सहवैमानिकास मनोऱ्याकडून उड्डाणानंतरच्या मार्गाविषयीची परवानगी मिळाली. उड्डाणाची परवानगी नव्हे. परंतु त्या संदेशात ‘टेक-ऑफ’ हा शब्द आलेला होता. सहवैमानिकाने संदेशाची पुनरुक्ती करून शेवटी आपण आता ‘टेक-ऑफला’ आहोत, अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य उच्चारले. मनोऱ्याने त्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा घेतला. विमान मात्र धावू लागले होते. मनोऱ्याने थांबण्यास सांगितले आणि त्याच क्षणी पॅन अ‍ॅमनेही आपण अजून धावपट्टीवर असल्याचे कळवले. दोन्ही संदेश एकाच वेळी प्रसारित झाल्याने केएलएमच्या कक्षात त्यांचा बराचसा भाग कर्कश आवाजात बुडाला. तरीही तेथील फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते दुसरे विमान धावपट्टीतून बाहेर पडले नाही काय, असे त्याने विचारले. कप्तानांनी ठाम होकार दिला आणि तो गप्प राहिला.

या प्रसंगातून दोन भिन्न सुधारणा उगम पावल्या. पहिली भाषिक. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारावा, अन्य सर्व प्रसंगी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक पडला. धावपट्टीवर प्रवेश करणे, ती ओलांडणे, तिच्या अलीकडे थांबणे यांविषयीची प्रत्येक सूचना वैमानिकाने शब्दशः परत म्हणून दाखवावी आणि नियंत्रकाने ती ऐकून घ्यावी, हेही बंधनकारक झाले. ज्या संस्कृतीत वेदपठणाच्या शुद्धतेसाठी एकच मंत्र उलटसुलट क्रमाने म्हणून ताडून पाहण्याची पाठपद्धती विकसित झाली, त्या संस्कृतीतील वाचकास या पुनरुक्तीमागील तत्त्व अपरिचित वाटू नये. ऐकणाऱ्याने ‘समजले’ असे म्हणणे आणि जे समजले ते म्हणून दाखवणे, यांत फार मोठे अंतर आहे. वर्गात शिकवणाऱ्या कोणासही ते वेगळे सांगावयास नको.

दुसरी सुधारणा अधिकारश्रेणीविषयीची. फ्लाइट इंजिनिअरची शंका बरोबर होती, पण ज्येष्ठाच्या होकारापुढे ती टिकली नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतील नासा संस्थेने भरविलेल्या कार्यशाळेतून चालकदलाच्या परस्पर-व्यवहाराचे शास्त्र आकारास आले आणि १९८१ पासून विमान कंपन्यांनी त्याचे रीतसर प्रशिक्षण सुरू केले. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडावी, ती दुर्लक्षिली गेल्यास पुन्हा मांडावी आणि वरिष्ठाने ती अवमान म्हणून घेऊ नये, हा त्या प्रशिक्षणाचा गाभा. ‘साहेबांना कसे सांगायचे?’ हा प्रश्न ज्या समाजात कार्यालयापासून महाविद्यालयापर्यंत सर्वत्र ऐकू येतो, तेथे ही सुधारणा कागदावर स्वीकारणे सोपे आणि अंगी बाणवणे कठीण, हे मान्य करावयास हवे.

चालकदलाची कार्यपद्धती

आज प्रवासी विमानाचे चालकदल टॅक्सी करताना जी शिस्त पाळते, ती या आणि अशा अन्य अपघातांच्या अनुभवातून हळूहळू घडलेली आहे. विमान जागेवरून हलण्यापूर्वीच दोघे वैमानिक विमानतळाचा नकाशा समोर ठेवून अपेक्षित मार्गाची उजळणी करतात. कोणत्या ठिकाणी धावपट्टी ओलांडावी लागेल आणि नकाशावर धोक्याची म्हणून दाखविलेली कोणती ठिकाणे वाटेत आहेत, हे एकमेकांस सांगतात. मनोऱ्याकडून मिळालेला मार्ग लिहून घेतला जातो. एक वैमानिक विमान चालवतो, दुसरा नकाशावर बोट ठेवून विमानाची जागा पडताळत राहतो. धावपट्टीजवळ येताना तपासणी-सूचीचे वाचन थांबवावे, दोघांच्याही नजरा बाहेर असाव्यात, ओलांडण्यापूर्वी डावी-उजवी बाजू पाहून ती मोकळी असल्याचे मोठ्याने म्हणावे, परवानगी असली तरी! जमिनीवर चालताना आणि दहा हजार फुटांखाली उडताना कामाव्यतिरिक्त संभाषण करू नये, हा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला आणि पुढे जगभर रुजला. शंका आल्यास थांबावे व विचारावे. मात्र थांबण्याची ही जागा धावपट्टीवर असू नये.

जमिनीवरील खुणांची भाषाही अशीच प्रमाणित झाली. धावपट्टीच्या अलीकडे पिवळ्या चार रेषा असतात : दोन अखंड, दोन तुटक. अखंड रेषांच्या बाजूने येणाऱ्यास परवानगीवाचून पुढे जाता येत नाही. तुटक रेषांच्या बाजूने, म्हणजे धावपट्टीवरून बाहेर पडणाऱ्यास मुभा असते. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा क्रमांक, बाजूस आळीपाळीने लुकलुकणारे पिवळे दिवे आणि मोठ्या विमानतळांवर जमिनीत बसवलेली लाल दिव्यांची आडवी ओळ. ही ओळ पेटलेली असताना ती ओलांडायची नसते. मनोऱ्याची तोंडी परवानगी मिळालेली असली तरीही.

अशी साधने असूनही अपघात का होतात, याचे उत्तर इटलीतील मिलान येथील लिनाते विमानतळाने दिले. ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुक्यात एक छोटे सेसना विमान चुकीच्या टॅक्सी-मार्गाने जाऊन धावपट्टीवर आले आणि उड्डाण करणाऱ्या स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या विमानाशी त्याची टक्कर झाली. ११८ जण मरण पावले. तेथील जमिनीवरचे रडार बंद होते आणि खुणा अपुऱ्या होत्या. चूक सेसनाच्या वैमानिकांची खरी, पण ती चूक करणे विमानतळाने किती सुलभ करून ठेवले होते!

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपानी तटरक्षक दलाचे विमान, आदल्या दिवशीच्या नोटो भूकंपातील पीडितांसाठी मदत घेऊन निघालेले, धावपट्टीवर येऊन थांबले आणि उतरणारे जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-३५० विमान त्यावर आदळले. तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण दगावले. प्रवासी विमानातील ३७९ जण मात्र बाहेर पडू शकले. नियंत्रकाने तटरक्षक विमानास थांबरेषेपर्यंत जाण्यास सांगताना उड्डाणाच्या क्रमातील ‘नंबर वन’ असे म्हटले होते. कप्तानाची समजूत धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळाल्याची झाली. दुरुस्तीच्या कामामुळे तेथील लाल दिव्यांची ओळ वापरात नव्हती. अपघातानंतर जपानमध्ये तो शब्दप्रयोग काही काळ थांबविण्यात आला. तेनेरिफनंतर जवळपास अर्धशतकाने पुन्हा एकदा दोन शब्दच चर्चेच्या केंद्रस्थानी यावेत, ही बाब अभ्यासकांनी विचारात घ्यावी अशी आहे.

लोहगाव आणि ओझर

महाराष्ट्रातील विमानतळांचा विचार करताना एक वैशिष्ट्य ठळकपणे जाणवते. त्यांपैकी कित्येकांवर नागरी विमान हे पाहुणे आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ १९३९ पासूनचा, मूळचा ब्रिटिश हवाई दलाचा आणि आज भारतीय हवाई दलाचा. १५ फेब्रुवारी २०२० रोजी तेथून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे ए-३२१ विमान वेगाने धावत असताना वैमानिकास समोर एक जीप व एक माणूस दिसला. त्याने विमान नेहमीपेक्षा आधीच उचलले. शेपटीचा भाग जमिनीस घासला, परंतु विमान दिल्लीस सुखरूप उतरले. व्याख्येत ‘वाहन वा व्यक्ती’ हे शब्द का घातले आहेत, हे या घटनेवरून कळते. संयुक्त वापराच्या विमानतळावर दोन स्वतंत्र शिस्तींची माणसे एकाच जमिनीवर वावरतात आणि दोघांनाही आपापली शिस्त परिपूर्ण वाटत असते.

नाशिकजवळील ओझर येथील विमानतळ तर प्रवाशांसाठी नव्हे, कारखान्यासाठी जन्मास आला. मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी १९६४ मध्ये हिंदुस्थान एअरोनॉटिक्स लिमिटेडचा विभाग येथे स्थापन झाला. धावपट्टी, सुमारे तीन किलोमीटर लांबीची, ही मुख्यतः तयार विमानांच्या चाचणीची जागा. हवाई दलाचा विमान-दुरुस्ती डेपोही येथेच आहे. पुढे सुखोई-३० आली. मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झाली आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०१४ मधील, आणि डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली येथून छोट्या विमानांची सेवा सुरू झाली. त्यात खंड पडत गेला, पुन्हा सुरुवात होत गेली. नाशिककरांच्या दृष्टीने विमानतळाचा इतिहास म्हणजे या सेवा चालू-बंद होण्याचा इतिहास; स्थानिक वृत्तपत्रांतील बातम्याही बहुतांशी त्याच असतात. धावपट्टीवर एका वेळी कोण आहे, हा प्रश्न त्यात सहसा येत नाही.

तो यापुढे यावा लागेल. चाचणी उड्डाणे, दुरुस्तीहून परतणारी लढाऊ विमाने, मालवाहतूक आणि प्रवासी सेवा यांना एकच धावपट्टी पुरवताना वेळेचे वाटप करून वाहतूक वेगळी ठेवता येते आणि वाहतूक विरळ असेतोवर ते पुरेसेही ठरते. परंतु २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पार्श्वभूमीवर या विमानतळाच्या विस्ताराची हालचाल सुरू झाली आणि २०२५ मध्ये ओझर येथे दुसरी, समांतर धावपट्टी बांधण्यास मंजुरी मिळाल्याचे जाहीर झाले. क्षमतेच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. मात्र समांतर धावपट्टीचा स्वतःचा इतिहास आहे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी तैपेई येथे वादळी पावसात सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाने डाव्या धावपट्टीऐवजी बांधकामासाठी बंद असलेल्या उजव्या धावपट्टीवरून उड्डाण करण्याचा प्रयत्न केला. यंत्रसामग्रीवर आदळून ८३ जणांचा मृत्यू झाला. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत काबूलहून आलेले एरियाना अफगाण एअरलाइन्सचे विमान डाव्या २९ ऐवजी, उड्डाणासाठी वापरात असलेल्या उजव्या २९ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरले. त्या क्षणी तेथे दुसरे विमान नव्हते, इतकेच.

ओझरच्या बाबतीत म्हणूनच काही साध्या गोष्टी आधी ठरणे आवश्यक आहे : दुसरी धावपट्टी टर्मिनल व कारखाना यांच्या कोणत्या बाजूस येणार, कोणत्या विमानास कोणती धावपट्टी ओलांडावी लागणार, ओलांडणीच्या जागी लाल दिव्यांची ओळ असणार की केवळ रंगवलेल्या रेषा, आणि बांधकाम चालू असताना मजुरांची व यंत्रांची ने-आण चालू धावपट्टीपासून कशी अलग ठेवली जाणार. मुंबईत हे प्रश्न विचारण्याची वेळ आली तेव्हा डांबर कधीच वाळलेले होते. ओझरची दुसरी धावपट्टी अजून कागदावर रेखाटता येण्याजोगी आहे.